मशेरीला व्यसन कोण म्हणतो?

प्रतिवर्षी ३१ मे हा दिवस जागतिक तंबाखूविरोधी दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे दवाखान्यांतून व चौकांतून भित्तिपत्रके लागतात, एखादी फेरी निघते, एखादे व्याख्यान होते. भित्तिपत्रकावर बहुतेक वेळा एक पेटती सिगारेट असते आणि तिच्यावर तांबडी फुली मारलेली असते. हे चित्र पाहून आमच्या दवाखान्यात बाकावर बसलेली रुग्णमंडळी निर्धास्त होतात, कारण त्यांच्यात सिगारेट ओढणारा एखादाच निघतो. कोणी तळहातावर मळलेली तंबाखू खालच्या ओठाआड ठेवलेली असते, कोणाच्या खिशात गुटख्याची पुडी असते, कोणाच्या कानावर विडी, तर कोपऱ्यात बसलेल्या आजींच्या कमरेच्या बटव्यात मशेरीची डबी. फुली सिगारेटवर आहे, आपल्यावर नाही, असा सरळ अर्थ ही मंडळी लावतात. या गैरसमजात त्यांचा दोष थोडा व आपला, म्हणजे वैद्यांचा, अधिक आहे असे आमचे मत आहे.

प्रथम देशाचे चित्र पाहू. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची दुसरी फेरी भारतात २०१६-१७ साली झाली. तीनुसार पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांत सिगारेट ओढणारे अवघे ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के आणि धूररहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के. म्हणजे सुमारे वीस कोटी भारतीयांच्या तोंडात तंबाखू होती. एकट्या खैनीचे, म्हणजे चुना लावून मळलेल्या तंबाखूचे, प्रमाण ११.२ टक्के होते. स्त्रियांपुरते पाहिले तर धूम्रपान २ टक्के आणि धूररहित तंबाखू १२.८ टक्के. २००९-१० च्या पहिल्या फेरीशी तुलना करता हे सर्व आकडे उतरलेले आहेत, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु महाराष्ट्राचे आकडे या समाधानाला मर्यादा घालतात. आपल्या राज्यात या सात वर्षांत धूम्रपान ६.६ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले, म्हणजे दोन पंचमांशांहून अधिक घटले. धूररहित तंबाखू मात्र २७.६ वरून २४.४ वर आली, म्हणजे जेमतेम नवव्या हिश्शाने घटली. धूर काढणाऱ्या एका माणसामागे तोंडात तंबाखू धरणारी सहा माणसे, असे हे प्रमाण पडते. पेटती सिगारेट हे ज्याचे चिन्ह, असा हा प्रांतच नव्हे.

आपल्या तीन शहरांत तर असे होण्याला खास कारणे आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी बांधव येऊन राहिले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज तेथील पाचही कॅम्पांतून कपडे शिवण्याचे, विशेषतः जीन्सचे, छोटे कारखाने आहेत आणि त्यांत उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कारागीर दहा-बारा तास यंत्रावर बसतात. दोन्ही हात कापडात गुंतलेले, उठायला सवड नाही. अशा वेळी ओठाआडची खैनी तासभर पुरते. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे आणि औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या ठिकाणी पेटते काही नेण्यास मनाई असते, आणि ती योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम असा की कामगार विडी बाहेर ठेवतो आणि तंबाखूची पुडी आत नेतो. ज्या अंबरनाथात विमको कंपनीच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काडीपेट्या तयार झाल्या, तेथील कामगाराला काडी न पेटवता भागवण्याची सवय लागावी, हा योग विचित्रच म्हणायचा. बदलापूरहून मुंबईला रोज जाणारा नोकरदार सुमारे ६८ किलोमीटरचा प्रवास गर्दीत उभ्याने करतो. गाडीत धूम्रपानास बंदी आहे. तोंडातल्या बाराला कोण हटकणार? आणि या सर्वांच्या घरी, त्यातही साताऱ्या-सोलापुराकडून, मराठवाड्यातून अथवा बदलापूरभोवतीच्या पाड्यांवरून आलेल्या कुटुंबांत, सकाळी तव्यावर तंबाखू भाजली जाते, काळी झाली की कुटून तिची मशेरी होते आणि ती दिवसातून चार-सहा वेळा हिरड्यांवर बोटाने चोळली जाते.

मशेरीविषयीच आम्हांस अधिक लिहावयाचे आहे, कारण तिला आपल्या समाजात व्यसन मानलेच जात नाही. ती दात घासण्याची एक रीत समजली जाते. सासूकडून सुनेला, आईकडून मुलीला ती मिळते. बाळंतिणीच्या उशालाही डबी असते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या मुखतपासणीच्या अभ्यासाने मुखाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांचा तंबाखूशी असलेला संबंध महाराष्ट्रापुढे मांडला. २००४ साली मुंबईतील १२१७ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धूररहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अकाली प्रसूतीचे प्रमाणही वाढलेले आढळले. गर्भिणी परिचर्येत आपण दूध, तूप, शतावरी यांची यादी मन लावून लिहून देतो. मशेरीची डबी त्या यादीच्या शेजारीच असते.

येथे आमच्याच दवाखान्यातील एक चूक सांगणे प्राप्त आहे. सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या एक बाई गालाच्या आतील व्रणासाठी आल्या. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, मुखपाक असे निदान केले. पित्ताचा अनुबंध वाटला म्हणून पथ्य सांगितले, खदिरादि वटी दिली, इरिमेदादि तेलाचा गंडूष दिला. पहिल्या भेटीत ‘मावशी, तंबाखू खाता का?’ असे विचारले होते आणि ‘नाही हो डॉक्टर’ असे उत्तर मिळाले होते. केसपेपरवर ‘व्यसन – नाही’ अशी नोंद झाली. दोन महिने गेले. दाह कमी होई, व्रण मात्र तसाच राही. शेवटी एकदा सोबत आलेल्या मुलीच्या बोलण्यातून कळले की आई दिवसातून आठ-दहा वेळा मशेरी लावते. बाई खोटे बोलल्या नव्हत्या. त्या तंबाखू खात नव्हत्या, लावत होत्या. त्यांना पुढील तपासणीसाठी पाठवले तेव्हा निदान कर्करोगाचे निघाले. शस्त्रक्रिया झाली, त्या आज हयात आहेत. पण ते दोन महिने आमच्या प्रश्नाच्या शब्दरचनेमुळे वाया गेले, हे आम्ही विसरू शकत नाही.

तात्पर्य, प्रश्न नावाने विचारला पाहिजे. ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा? तपकीर ओढता की दातांना लावता? तंबाखू-चुना? गुटखा, मावा, जर्द्याचे पान? विडी?’ असे एकेक नाव घेतल्यावर जे उत्तर येते ते ‘काही व्यसन?’ या प्रश्नाला कधीच येत नाही. विचारण्याचा स्वरही पोलिसी नसावा. सुनेसमोर सासूला विचारू नये, नवऱ्यासमोर बायकोला विचारू नये. जेथे वैद्य भगिनी आहेत तेथे हे काम अधिक सुकर होते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट आपल्या शास्त्राची. तंबाखूला आयुर्वेदाचा आधार आहे, असा समज लोकांत आहे व काही विक्रेत्यांनी तो जोपासलाही आहे. वस्तुस्थिती अशी की चरक, सुश्रुत व वाग्भट यांना ही वनस्पती ठाऊकच नव्हती. ती मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांमार्फत ती हिंदुस्थानात आली. अकबराच्या अखेरच्या काळात त्याच्या दरबारात ती प्रथम नेली ती विजापूरहून परतलेल्या आसद बेगने, आणि १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदीचे फर्मान काढले. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० साली उभे राहिले तेव्हा या देशात तंबाखूचे एक पानही नव्हते. चरकाने सांगितलेले धूमपान हे विशिष्ट द्रव्यांचे, विशिष्ट काळी व मात्रेत करावयाचे कर्म आहे. त्याचे नाव घेऊन विडीचे समर्थन करणे म्हणजे नामसादृश्याचा गैरफायदा घेणे होय. तमाखूचे वर्णन येते ते योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात. तीक्ष्णता, उष्णता, व्यवायी व विकाशी गुण यांचा विचार केला तर चिकित्सास्थानातील विषाच्या दहा गुणांची आठवण व्हावी असेच हे द्रव्य आहे. दंतशूलात तंबाखू दाबून धरली की तात्पुरते बरे वाटते, शौचाला तंबाखूशिवाय होत नाही, या तक्रारी खऱ्या असतात. पण त्या द्रव्याच्या गुणाच्या नव्हेत, सवयीच्या आहेत.

आपल्या औषधनिर्मिती क्षेत्राचाही यात वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. आयुर्वेदिक परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या काही दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये एकेकाळी तंबाखू असे. १९९२ साली केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदिक औषधांसंबंधीचाच अधिकार वापरून अशा उत्पादनांवर बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ती योग्य ठरवली. देशातील तंबाखूविरोधी कायद्यांच्या इतिहासात हा निर्णय आपल्या नावावर आहे आणि तो आपल्या विरोधात गेलेला आहे. त्याची आठवण आपल्या अधिवेशनांतून कोणी काढत नाही.

गुटख्याचा इतिहास वाचकांस परिचित आहे. महाराष्ट्राने २००२ साली गुटखाबंदी केली, २००४ साली ती न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी अन्नपदार्थांत तंबाखू व निकोटिन घालण्यास मनाई केली आणि त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात पुन्हा बंदी आली. ती पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. बंदीने काहीच साधले नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु स्थानकाबाहेरच्या टपरीवर पानमसाल्याची एक व तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या हातात देऊन जो व्यवहार होतो, तो सर्वांना दिसतो. राज्याबाहेरून येणारा मालही थांबलेला नाही. आणि मशेरीवर कोणती बंदी घालणार? ती घरच्या तव्यावर तयार होते. विडीची कथा निराळी. निपाणी, सिन्नर, सोलापूर येथील हजारो स्त्रियांचे पोट तिच्यावर अवलंबून असल्याने तिच्याशी सरकार नेहमीच हळुवार वागत आले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने तंबाखूच्या इतर पदार्थांसाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला, विडीचा मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विडी कामगार भगिनींची चिंता रास्त आहे. तिचा मोबदला विडी ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातून घेणे रास्त नाही.

कायदा व कर हे आपल्या हातचे नव्हेत, म्हणून आपल्या हातचे काय ते पाहू. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांचे तोंड उजेडात तपासले, एवढाच तो प्रयोग. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही; डोळे आणि विजेरी. आपण तर जिव्हापरीक्षेसाठी प्रत्येक रुग्णाला तोंड उघडायला लावतोच. ज्या योगरत्नाकरात तमाखू आहे, त्यातच अष्टविध परीक्षाही आहे. जिव्हा पाहून झाल्यावर खालचा ओठ खाली ओढून, दोन्ही गाल बाहेर ताणून, जिभेच्या कडा व तळ पाहण्यास आणखी एक मिनिट लागते. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखट सहन न होणे, तोंडात तीन बोटे न जाणे, यांपैकी काहीही आढळले तर आपली वटी-तेले बाजूस ठेवून रुग्णास बायोप्सीसाठी पाठवावे. येथून परळचे टाटा रुग्णालय लोकलच्या एका प्रवासाच्या अंतरावर आहे. रुग्ण आपल्या हातून जाईल ही भीती मनात येते, हे आम्ही जाणतो. वर सांगितलेल्या दोन महिन्यांनंतर ती आमच्या मनात येत नाही.

सोडवण्याच्या कामात मात्र आपले शास्त्र खरोखर उपयोगी पडते. अहितकर सवय एकदम न तोडता पादांशिक क्रमाने, चौथा-चौथा हिस्सा कमी करीत सोडावी, असे चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. दिवसातून आठ वेळा मशेरी लावणाऱ्या बाईला ‘आजपासून बंद’ म्हटले तर ती पुढच्या वेळी येतच नाही; ‘या आठवड्यात सहा’ म्हटले तर येते. ज्याची तयारी असेल त्याने एकदम सोडावे, त्याला आपण अडवू नये. पहिल्या पंधरवड्यात मलावष्टंभ, शिरःशूल, चिडचिड ही लक्षणे येणारच. ती आधीच सांगून ठेवली व अपानाचे अनुलोमन, कोमट पाणी, रात्री त्रिफळा अशी सोय केली तर ‘पोट साफ होत नाही’ म्हणून डबी पुन्हा उघडणारे पुष्कळ जण वाचतात. हिरड्यांसाठी तीळतेलाचा गंडूष द्यावा. हाताला व तोंडाला जी सवय लागलेली असते तिच्यासाठी भाजलेली बडीशेप वा ज्येष्ठमधाचा तुकडा पुरतो. फक्त ज्येष्ठमध रक्तदाबाच्या रुग्णास सतत देऊ नये. निकोटिनच्या गोळ्या अथवा च्युइंगम लागणाऱ्या रुग्णास त्या नाकारण्याचा हट्टही नको. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे. तो क्रमांक केसपेपरच्या मागे छापून घ्यावा.

शरद पवार यांच्या मुखाच्या कर्करोगावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली. २०१८ साली एका जाहीर कार्यक्रमात त्यांनी खंत बोलून दाखवली की चाळीस वर्षांपूर्वी कोणी आपल्याला सुपारीच्या सवयीबद्दल सावध केले असते तर बरे झाले असते. ज्यांच्या भोवती वैद्य-डॉक्टरांची कधी वाण नव्हती त्यांना कोणी सांगितले नाही. मग कॅम्प पाचमधील शिलाई कारागिराला कोण सांगणार?

सुपारीचा उल्लेख आला म्हणून शेवटी एक अडचणीची गोष्ट. चरकाच्या सूत्रस्थानात मुखवैशद्यासाठी जी द्रव्ये सांगितली आहेत त्यांत जायफळ, लवंग, कंकोळ, वेलदोडा, कापूर, विड्याचे पान यांच्याबरोबर पूग म्हणजे सुपारीही आहे. याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसतानाही सुपारी मानवात कर्करोगकारक असल्याचे नमूद केले. तरुण मुलांची तोंडे तंतुमयतेने आवळत चाललेली आपण पाहतो, ती मुख्यतः तिच्यामुळेच. ग्रंथातील अल्प मात्रा व दिवसाला दहा पुड्या यांत अंतर आहे, असा युक्तिवाद आम्हीही पूर्वी केला आहे. आता तो करवत नाही. प्रत्यक्ष हेही आपल्या शास्त्राचे प्रमाण आहे, आणि प्रत्यक्ष आमच्या दवाखान्यात बाकावर बसलेले असते.

आमच्या केसपेपरवरील ‘धूम्रपान : होय / नाही’ ही ओळ आम्ही काढून टाकली आहे व तिच्या जागी मशेरी, तपकीर, तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, विडी आणि सर्वांत शेवटी सिगारेट असे सात रकाने घातले आहेत. इतर वैद्यबंधूंनी तसे करावे, अशी विनंती. आणखी एक विषय आम्ही येत्या बैठकीत मांडणार आहोत. परिसंवादानंतरच्या भोजनाला विड्याचे तबक फिरवण्याची आपली प्रथा आहे. त्यातील सुपारीची वाटी यापुढे ठेवू नये. लवंग, वेलदोडा, बडीशेप आणि ओवा पुरेत.